साथीचे गणित आणि आरोग्य खात्याचे निर्णय : विद्यापीठाने सुरुवात कोठून करावी?

आपण विचारले आहे की, आपल्या विद्यापीठातील गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांनी मिळून साथरोगांच्या गणिती प्रारूपांचा (मॉडेल्सचा) एक गट उभारायचे ठरवले आहे, त्याचा उपयोग महापालिकेच्या आणि राज्याच्या आरोग्य खात्याला व्हावा अशी इच्छा आहे, तर कोणत्या प्रारूपापासून सुरुवात करावी आणि शासनाशी असे सहकार्य जुळते कसे व टिकते कसे. पुण्यात या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. प्रारूप सर्वांत शेवटी निवडा. कोणता निर्णय, कोणत्या अधिकाऱ्याला, कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा आहे हे आधी शोधा. त्या निर्णयाला लागणारी माहिती कोणाच्या टेबलावर आणि कोणत्या रकान्यात आहे हे त्यानंतर पाहा. आणि हे सगळे साथ नसताना करा, कारण साथ आल्यावर कोणालाही कोणाची ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

या विषयाचे मूळ आपल्याच भागात आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेले जे प्रारूप आज प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतो, म्हणजे लोकसंख्येचे संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे तीन गट करणारे, ते त्यांनी मुंबई बेटावरील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या मृत्यूंवर पडताळून पाहिले होते. मॅकेंड्रिक स्वतः भारतीय वैद्यकीय सेवेत होते. वक्र आकड्यांवर इतका छान बसला की तो आलेख पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. परंतु प्लेग हा मुख्यतः उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरणारा, ऋतूबरोबर वाढणारा आणि ओसरणारा रोग आहे, आणि त्या समीकरणांत ना उंदीर होते ना ऋतू. वक्र जुळला म्हणून त्यामागचे कारण जुळले असे होत नाही, ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्याच तासाला याच आलेखावरून सांगतो. ज्या अधिकाऱ्याला रोग थांबवायचा आहे त्याला कारण हवे असते. नुसत्या जुळलेल्या वक्रावरून त्याने माणसांना विलगीकरणात पाठवले असते आणि उंदीर मोकळेच राहिले असते.

आता निर्णयाकडे येऊ. विद्यापीठातील मंडळी पहिल्या बैठकीत हमखास विचारतात, ‘तुमच्याकडे कोणता डेटा आहे?’ आणि आरोग्य खात्यातील अधिकारी हमखास विचारतात, ‘लाट कधी ओसरेल?’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवावे लागतात. त्याऐवजी मी अधिकाऱ्यांना असे विचारतो की, पुढच्या पंधरा दिवसांत तुम्हाला सही करावी लागेल असे कोणते कागद आहेत. मग खरी यादी निघते: खाटा वाढवण्यासाठी खासगी रुग्णालयांशी करार, प्राणवायूची मागणी, कंत्राटी परिचारिकांची भरती, फवारणीचे वेळापत्रक, चाचणी केंद्रे कोणत्या प्रभागात उघडायची. यातील प्रत्येक कागदाला एक आकडा लागतो आणि त्या आकड्याला एक मुदत असते.

खाटांचेच उदाहरण घ्या. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा आज एका शहरात रोज ४० नवे रुग्ण दाखल होत आहेत, प्रत्येक रुग्ण सरासरी १० दिवस राहतो आणि दाखल होणाऱ्यांची संख्या दर ७ दिवसांनी दुप्पट होते आहे. दोन आठवड्यांनी रोज १६० रुग्ण येऊ लागतील आणि भरलेल्या खाटा सुमारे १०१५ असतील. हाच दुप्पट होण्याचा काळ १० दिवस धरला, तर दोन आठवड्यांनी सुमारे ७६० खाटा लागतात. ५ दिवस धरला, तर सुमारे १५००. साथीच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून हा काळ ५ दिवस आहे की १० हे खात्रीने सांगणे बहुतेक वेळा अशक्य असते. म्हणजे अधिकाऱ्याच्या हातात जायला हवे ते वाक्य असे: ‘७६० पेक्षा कमी खाटांची तयारी कोणत्याही परिस्थितीत अपुरी ठरण्याची शक्यता आहे, १०१५ हा मधला अंदाज आहे, आणि १५०० पर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवा, हा काळ नेमका किती आहे हे येत्या सात दिवसांत बरेच स्पष्ट होईल.’ त्यावर अनुभवी अधिकारी लगेच म्हणतो की ७६० चा आदेश आज काढतो आणि उरलेल्यांसाठी करार तयार ठेवतो. या हिशेबाला शाळेत शिकलेला घातांक आणि थोडे संकलन (इंटिग्रेशन) पुरते. प्रत्यक्ष उपयोगी पडलेले काम बहुतांशी इतकेच साधे असते, हे तरुण संशोधकांना पटवणे मला नेहमी जड जाते.

माहितीच्या रकान्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण घोटाळा तिथेच होतो. रुग्णांच्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे दर रुग्णाला एक ओळ असलेल्या यादीत, किमान तीन दिनांक असतात: लक्षणे सुरू झाल्याचा, नमुना घेतल्याचा आणि अहवाल आल्याचा. अहवालाच्या दिनांकावर आलेख काढला तर रविवारी खड्डा आणि मंगळवारी उंचवटा दिसतो, आणि एखाद्या प्रयोगशाळेने तुंबलेले अहवाल एकदम चढवले तर साथ एका रात्रीत उसळल्यासारखी वाटते. रोगाची खरी चाल लक्षणांच्या दिनांकावरून कळते. परंतु त्यात दुसरा सापळा आहे. आज ज्यांना ताप आला त्यातील बहुतेकांची नोंद आज झालेलीच नसते; ती चार, सहा, आठ दिवसांनी होते. त्यामुळे लक्षणांच्या दिनांकावर काढलेला प्रत्येक आलेख उजव्या टोकाला खाली वाकतो, साथ वाढत असतानासुद्धा वाकतो. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः अशा वाकलेल्या टोकावर विसंबून एका बैठकीत ‘उतार लागला आहे’ असे सांगितले होते. दहा दिवसांनी उशिरा आलेल्या नोंदी भरल्या गेल्या आणि तो उतार नाहीसा झाला. त्या दहा दिवसांत त्या भागातले जादा कर्मचारी दुसरीकडे हलवले गेले होते. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे की, नोंद व्हायला किती दिवस लागतात याचे वितरण, म्हणजे किती नोंदी किती दिवसांनी येतात हे, दर आठवड्याला काढायचे, शेवटचे दिवस त्यानुसार दुरुस्त करायचे आणि दुरुस्त केलेला भाग वेगळ्या रंगात दाखवायचा. आपल्या गटाने दुसरे काही केले नाही आणि एवढेच नीट केले, तरी खात्याला तुमची गरज वाटेल.

पत्त्यांची तीच कथा. जनता वसाहतीतील एकाच गल्लीतले रुग्ण कोठे ‘जनता वसाहत’, कोठे ‘पर्वती पायथा’, कोठे नुसते ‘पर्वती’ आणि कोठे ‘दत्तवाडीजवळ’ असे नोंदलेले सापडतात. संगणक त्यांना चार वस्त्या समजतो आणि चारही ठिकाणी रुग्ण थोडे असल्यामुळे कोठेच घंटा वाजत नाही. हे सोडवायला विभागातील हुशार विद्यार्थ्यापेक्षा त्या भागात रोज फिरणारी परिचारिका किंवा आशाताई अधिक उपयोगी पडते. आम्ही दोन दुपारी क्षेत्रीय कार्यालयात बसून आरोग्य सेविकांकडून वस्त्यांच्या नावांची यादी करून घेतली होती. त्या यादीने जो फरक पडला तो आधीच्या सहा महिन्यांच्या संगणकीय खटपटीने पडला नव्हता.

पुण्याच्या बाबतीत सीमांचा प्रश्नही आहे. पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि पुणे, खडकी व देहूरोड ही तीन कटक मंडळे यांची आरोग्य यंत्रणा वेगवेगळी आहे. सांगवीत राहणारा माणूस पूल ओलांडून औंधला कामाला येतो आणि चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या बसमध्ये तीन यंत्रणांच्या हद्दीतील माणसे शेजारी शेजारी बसतात. एकाच महापालिकेच्या आकड्यांवर उभे केलेले प्रारूप हद्दीवरच्या भागात फसते. त्यातच भागाकारासाठी लागणारी लोकसंख्या आजही अनेकदा २०११ च्या जनगणनेची, म्हणजे पुणे शहरासाठी सुमारे ३१ लाख, घेतली जाते. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, वाघोलीसारख्या ठिकाणी इमारतींची रांगच उभी राहिली, आणि छेद जुनाच राहिला तर तेथील रोगाचे प्रमाण फुगलेले दिसणारच. मतदार याद्या, नळजोड, मिळकतकराची नोंद यांवरून छेदाचा अंदाज बांधण्याचे काम आपल्या संख्याशास्त्र विभागाने पहिल्याच वर्षी हाती घ्यावे. त्यावर शोधनिबंध होईलच असे नाही, पण त्याशिवाय पुढचे काहीच उभे राहत नाही.

विद्यापीठ आणि महापालिका यांनी एकत्र काम केल्याचे चांगले उदाहरण पुण्यातच आहे. जुलै आणि ऑगस्ट २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर पुणे (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), पुणे महानगरपालिका आणि इतर संस्थांनी मिळून पाच प्रभागांत १६६४ व्यक्तींचे रक्तनमुने तपासले आणि ५१.५ टक्के व्यक्तींमध्ये कोरोना विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आढळली. नोंदलेल्या रुग्णांपेक्षा संसर्ग कितीतरी पटींनी अधिक होता, आणि सामायिक स्वच्छतागृह वापरणाऱ्यांत तो जास्त होता, हे त्यातून प्रथमच मोजून समजले. प्रारूप करणाऱ्यासाठी अशी पाहणी सोन्यासारखी असते, कारण एकूण संसर्ग आणि नोंदलेले रुग्ण यांचे गुणोत्तर नुसत्या समीकरणांतून निघत नाही. मात्र हे पाच प्रभाग मुळात जास्त रुग्ण असलेल्यांतून निवडले होते. अहवालात ते नमूद होते, परंतु गावभर बोलणे झाले ते ‘निम्मे पुणे बाधित होऊन गेले’ असे, आणि त्यातून ‘आता सामूहिक प्रतिकारशक्ती आली’ असा अर्थ अनेकांनी काढला. मार्च आणि एप्रिल २०२१ मध्ये याच शहरात खाटा आणि प्राणवायूसाठी नातेवाइकांनी रात्र रात्र फोन फिरवले. पाहणी बरोबर होती. ती ज्या प्रभागांबद्दल होती त्यांच्या पलीकडे तिला ओढले गेले. आकडा देताना तो कोणाबद्दल आहे आणि कोणाबद्दल नाही, हे त्याच ओळीत लिहा; खालच्या टिपेत लिहिलेले कोणी वाचत नाही.

राष्ट्रीय पातळीवरही हेच घडले. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की पहिल्या लाटेचे शिखर सप्टेंबरमध्ये ओलांडले गेले आहे आणि सुरक्षेचे नियम पाळले गेले तर फेब्रुवारी २०२१ अखेर सक्रिय संसर्ग अगदी कमी उरेल. त्या विधानातील ‘तर’ लवकरच गळून पडला. नव्या विषाणू प्रकाराला त्या समीकरणांत जागाच नव्हती, आणि मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात ४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. म्हणून मी भाकीत आणि शक्यताचित्र हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतो. दोन आठवड्यांपर्यंत भाकीत करावे, तेही मर्यादांसह. त्यापुढे ‘असे केले तर असे होईल’ अशी तीन किंवा चार शक्यताचित्रे मांडावीत आणि प्रत्येकातील गृहीतके अधिकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावीत. लोकांनी इशारा ऐकून वागणूक बदलली आणि त्यामुळे वाईट शक्यता टळली, तर कोणी ‘तुमचे गणित चुकले’ असे म्हणेल, तेव्हा त्या वेळी लिहून ठेवलेला ‘जर’ आपल्या गटाच्या हाती असला पाहिजे.

एकाच गटाच्या एकाच प्रारूपावर शासनाने विसंबू नये, हे ब्रिटनकडून शिकण्यासारखे आहे. तेथे २००१ मध्ये जनावरांतील लाळ-खुरकुताच्या साथीत अनेक गटांनी प्रारूपे केली, त्यांवरून लाखो जनावरे मारण्याचे धोरण ठरले आणि त्यावर आजही वाद होतो. कोविडच्या काळात अनेक विद्यापीठांचे गट आपापले अंदाज शासनाच्या एका उपसमितीकडे देत, तेथे ते एकत्र करून एकमताचे निवेदन तयार होई, आणि पुनरुत्पादन संख्या, म्हणजे एका रुग्णापासून सरासरी किती जणांना संसर्ग होतो तो आकडा, नेहमी खालची व वरची मर्यादा देऊन जाहीर केली जाई. केंब्रिज, वॉरिक, ब्रिस्टल, एक्सेटर, मँचेस्टर अशा विद्यापीठांतील गटांनी ज्युनिपर या नावाने संघ बांधला, तो याच गरजेतून. मला यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, गटांमध्ये मतभेद असेल तर तो मतभेदच अधिकाऱ्यापर्यंत पोहोचत होता. पुण्यात हे शक्य आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था, आयसर, विद्यापीठाचा संगणन व प्रारूपण विभाग, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मौसमविज्ञान संस्था आणि यांना जोडण्यासाठी २०२० मध्ये स्थापन झालेले पुणे नॉलेज क्लस्टर ही सगळी एका रिक्षाच्या अंतरावर आहेत. आपल्या गटाने नवे साम्राज्य उभे करण्याऐवजी या मांडवात आपला एक खांब रोवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कधी कधी प्रारूप न करणे हेच योग्य उत्तर असते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हा अनेक उत्साही विद्यार्थ्यांनी तीन गटांचे नेहमीचे प्रारूप त्या आकड्यांना लावून पाहिले. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. आतड्याच्या किंवा इतर संसर्गानंतर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते, त्यामुळे लक्ष पाण्याकडे गेले. इथे गणिताचे काम उलट दिशेने होते: अशक्तपणा सुरू झाल्याच्या दिनांकांवरून मागे जाऊन मूळ संसर्ग साधारण कोणत्या दिवसांत झाला असेल त्याची खिडकी काढायची आणि त्या दिवसांतील पाणीपुरवठ्याची नोंद नकाशावर त्याच्या शेजारी ठेवायची. हे काम दोन दिवसांचे आहे, पण रुग्णाच्या घरी पाणी कोणत्या विहिरीतून, टँकरमधून किंवा जलवाहिनीतून येते ही माहिती आधीच जोडलेली असेल तरच.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सामंजस्य करार विभागप्रमुखांच्या ओळखीवर न ठेवता पदांच्या नावे करा, कारण अधिकाऱ्यांची बदली होते. नावे, दूरध्वनी क्रमांक आणि घर क्रमांक खात्याच्या कार्यालयातच काढून टाकून मगच नोंदी विद्यापीठात याव्यात. नैतिकता समितीची मान्यता साथ नसताना घेऊन ठेवावी. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा आपल्या विधी विभागाकडून एकदा समजून घ्यावा. संगणकीय आज्ञावली एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर राहू देऊ नका. त्याचा प्रबंध सादर झाला की तो जातो आणि पुढच्या साथीत ती चालवणारे कोणी उरत नाही. त्यासाठी एक कायम पद मागा. ते मिळणे सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत गरजेचेही आहे.

राहिला प्रश्न पहिल्या वर्षी काय करावे याचा. डेंग्यू घ्या. तो दर पावसाळ्यात येतोच, त्यामुळे आपले अंदाज दर वर्षी तपासून पाहता येतात आणि चूक झाली तरी सुधारायला पुढचे वर्ष असते. पाषाणच्या मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पुण्यातील डेंग्यू आणि हवामान यांच्या संबंधावर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम पण नियमित पडणारा असेल तर धोका वाढतो, आणि आठवड्यात १५० मिलिमीटरच्या पुढे मुसळधार पाऊस झाला तर डासांची अंडी व अळ्या वाहून जाऊन तो कमी होतो. यावर आपल्या गटाला प्रभागाच्या पातळीवर काम करता येईल. फेब्रुवारीत आरोग्य खात्याकडून मागील पाच वर्षांच्या साप्ताहिक नोंदी प्रभागवार मागा, मार्चमध्ये कीटक प्रतिबंधक विभागाच्या निरीक्षकांबरोबर चार दिवस फिरून गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरची साचलेली पाण्याची पिंपे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या स्वतः पाहा, आणि एप्रिलमध्ये मागील दोन वर्षांच्या नोंदी प्रारूपापासून झाकून ठेवून त्या वर्षांचे आकडे ते ओळखते का ते तपासा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कोणत्या दहा प्रभागांत कर्मचारी आधी पाठवावेत, त्याची खात्री किती आणि ती कशावर अवलंबून आहे, एवढे एका पानावर मराठीत लिहून द्या. मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी ते पान आरोग्यप्रमुखांच्या टेबलावर असले पाहिजे.